शेळीचं तोंड पोचेल तिथवर

ज्या झाडाबद्दल लिहिते आहे ते मी कधी पाहिलेलं नाही. ते अरबी समुद्रातल्या सोकोत्रा बेटावर एका डोंगराच्या उतारावर उभं होतं आणि मी दुबईत होते. त्याची तीन रोपं मात्र आमच्या अंगणात तुपाच्या रिकाम्या डब्यांत वाढत होती आणि त्यांच्यापायी दोन शहाण्या बायकांनी सगळा हिवाळा भांडणात घालवला. त्यातली एक माझी सासू, दुसरी आमची शेजारीण. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यामुळे मधे मी.

साठचं दशक अर्धं सरलं होतं. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातून लग्न होऊन मी दुबईच्या ‘बर दुबई’ भागात आले होते. आज जिथे करामातल्या इमारती आहेत तिथे तेव्हा नुसती वाळू होती आणि तिकडे कुणी कामाशिवाय जात नसे. नवरा लाँचांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपात होता. घर म्हणजे समुद्रातल्या दगडांच्या भिंतींच्या दोन खोल्या, समोर अंगण आणि अंगणाच्या पलीकडे तशाच दोन खोल्या शेजाऱ्यांच्या. पाणी गाढवाच्या पाठीवरून यायचं. मला दिवस गेल्यावर सासूबाई गावाहून आल्या, बाळंतपण उरकून परत जायच्या बोलीवर, आणि चार वर्षं राहिल्या.

समोरची शेजारीण सोकोत्राची; मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. नवरा होडीवर खलाशी, मुलगी अजमानला दिलेली. खाला अरबी बोलायची, पण आपल्या लोकांच्या दुकानांत ऊठबस असल्याने मोडकंतोडकं हिंदीही जमायचं. बाजारहाट मीच करत असल्याने माझी अरबी कामापुरती झाली होती. सासूबाई फक्त आपली कोकणी बोलायच्या, आणि समोरच्याला कळत नाही म्हणून आवाज तेवढा वाढवायच्या.

खाला त्यांना ‘हाज्जा’ म्हणायची. तिथे म्हाताऱ्या बाईला मानाने तसंच म्हणतात. पण सासूबाईंची हज झालेली नव्हती, त्यामुळे पहिल्यांदा त्या दचकल्या.

“तिला सांग गो, मी अजून गेलेली नाही.”

मी सांगितलं. खाला म्हणाली, “इन्शाल्ला जाशील,” आणि हाज्जाच म्हणत राहिली. सासूबाईंनीही पुन्हा दुरुस्ती केली नाही.

रोपं लोबानाची होती. लोबान आपल्याला माहीत असतो तो निखाऱ्यावर टाकायचा खडा म्हणून. तो झाडाचा चीक असतो हे मला तिथे कळलं. सोकोत्रावर या झाडाच्या कितीतरी जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. खालाच्या माहेरच्या डोंगरावर तिच्या घराण्याची म्हणून ही झाडं होती. बाळंतिणीला चघळायला तोच चीक, पोराला धुरी त्याचीच. लहानपणी उतारावर अशी पुष्कळ झाडं असायची, असं ती सांगायची. आता एकच उरलं होतं. तेही म्हातारं, आणि आदल्या वर्षीच्या वादळात त्याची अर्धी बाजू फाटून खाली आली होती.

“नवी का उगवत नाहीत?” मी विचारलं होतं.

“उगवतात ना. पाऊस झाला की गवतासारखी उगवतात. मग शेळ्या येतात.”

शेळीचं तोंड जिथवर पोचतं तिथवर त्या बेटावर कोवळं काही उरत नाही, असं तिचं म्हणणं. उरलेली झाडं सगळी म्हातारी, आणि म्हातारी असल्याने एकेका वाऱ्याला आडवी होतात. त्यांच्यामागे कुणी नाही. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे आपल्या गावासारखंच. म्हातारी तेवढी घरात, पोरं सगळी इथे.” हे मी खालाला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

तर खालाच्या भावाने त्या शेवटच्या झाडाचं बी फडक्यात बांधून होडीवरून पाठवलं होतं. खालाने ते डब्यांत रुजवलं. तीन रोपं आली. दोन वर्षांत ती जेमतेम वीतभर झाली होती. बुंधा फुगीर, खरबरीत, आणि टोकाला चुरगळल्यासारख्या पानांचा झुबका. देखणं काहीच नाही. पावसाळी वाऱ्यात त्या बेटाचा समुद्र बंद होतो, आपल्याकडे होतो तसाच. तो बंद व्हायच्या आधी शेवटची होडी जाते, तिच्यावर ही रोपं पाठवायची आणि भावाने ती उतारावर लावायची, असा खालाचा बेत होता. जुनं झाड आणखी एक वारा काढेल याची तिला खात्री नव्हती. ते पडलं आणि मागे काही नसलं तर त्या डोंगरावरचं लोबान संपलं. याहून मोठं तिचं मागणं नव्हतं. दुबईला येऊन लोक सोनं जमवत होते, ही बाई वीतभर रोपं जपत होती.

“शेळ्या बांधून का नाही ठेवत?” सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलेलं.

“बांधल्या तर खातील काय?” खाला म्हणाली. “पाऊस नसतो त्या वर्षी आम्हीच झाडाच्या फांद्या तोडून शेळ्यांना घालतो. शेळी जगली तर पोरांना दूध. झाड मला आवडतं, हाज्जा, पण पोरं जास्त आवडतात.”

सासूबाईंनी मान डोलावली. यात त्यांना वाद घालण्यासारखं काही सापडलं नाही, हे क्वचितच घडे.

माझी धाकटी नात ही गोष्ट ऐकताना दर वेळी इंग्रजीत विचारते की सरळ कुंपण का नाही घातलं. तिला वाटतं बेट म्हणजे तिच्या शाळेच्या मैदानाएवढं. मी आता उत्तर देणं सोडलंय.

त्या हिवाळ्यात खालाच्या मुलीचं बाळंतपण आलं. चाळीस दिवस अजमानला राहायचं होतं. होडीवरून परत आलेला नवरा रोपांकडे बघेल यावर तिचा विश्वास नव्हता. तिने तिन्ही डबे उचलून आमच्या दारात ठेवले आणि सासूबाईंना हाताने दाखवून सांगितलं. आठवड्यातून एकदा मूठभर पाणी. मूठभर म्हणजे मूठभर. बाकी काही करायचं नाही.

“सांग तिला, काळजी करू नको म्हणावं,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या बापाच्या वाडीत माड होते, पोफळी होत्या, कलमं होती.”

मी सांगितलं. खालाला माड आणि पोफळी म्हणजे काय ते कळलं नाही, पण ती निश्चिंत झाली. तिथेच घोळ झाला.

कोकणातल्या माणसाला तहानेलं झाड बघवत नाही. इतर कुणी मेलं तरी चालेल, पण माडाच्या आळ्यात पाणी पाहिजे. सासूबाईंनी पहिला आठवडा कळ काढली. मग एक दिवस मी आतून पाहिलं तर त्या डब्यांपुढे उकिडव्या बसल्या होत्या आणि बोटाने प्रत्येक बुंध्याभोवती गोल आळं करत होत्या.

“अम्मा, तिने नको सांगितलंय.”

“ती सांगते ते राहू दे. झाड काय सांगतं ते बघ. पान बघ कसं सुरकुतलंय.”

“ते तसंच असतं.”

“तहानेलं झाड मला ओळखता येत नाही होय?”

मग रोज सकाळी पाणी सुरू झालं. आणि पाणी महाग, म्हणून त्यांनी सोय काढली. मासे धुतलेलं पाणी! गावी ते पाणी कुणी फेकत नाही, माडाच्या मुळाशी ओततात, आणि माड त्यावर माजतो. आमच्याकडे सुरमई नाहीतर तारली रोज यायचीच. नवऱ्याने एकदा दबकत विचारलं, “अम्मा, दुसऱ्याची वस्तू आहे, उगाच कशाला?” तेव्हा त्याला उत्तर मिळालं, “तू इंजिनं बघ.”

आणि खरं सांगायचं तर रोपांनी उचल घेतली. पानं फुटली, हिरवी, लुसलुशीत. बुंधे टपोरे दिसायला लागले. सासूबाई शेजारपाजारच्या बायकांना बोलावून दाखवत. “दोन वर्षं उपाशी ठेवलं होतं हो बिचाऱ्यांना,” म्हणत. खाला येईल तेव्हा तिचा चेहरा कसा होईल याची त्या पोरीसारखी वाट बघत होत्या.

खाला आली तेव्हा आधी पानं बघून थबकली. मग पहिल्या डब्याशी बसली आणि दोन बोटांनी बुंधा दाबला. पिकलेल्या केळ्यात जावीत तशी बोटं आत गेली.

“खलास,” ती म्हणाली, अगदी हळू. मग तिने मूठभर माती उचलून हुंगली आणि माझ्याकडे बघितलं. “मछली?”

“मछली,” मी म्हणाले.

“लोबानाला मासे? हाज्जा, हे झाड आहे की मांजर?”

सासूबाई मला म्हणाल्या, “काय म्हणते?”

“म्हणते, पाणी जरा जास्त झालं.”

“एवढंच? एवढं लांब बोलली की ती.”

खाला थांबणार नव्हती. हे दगडावरचं झाड आहे, ती म्हणाली. दगड खातं आणि धुकं पितं. याला दिलं ते कमीच द्यायचं असतं. एक मेलं, उरलेली दोन मरायला टेकली आहेत आणि होडी सुटायला दोन महिने आहेत. भावाला काय पाठवू, मातीचा वास? बोलताना ती मुठीतली माती पुन्हा पुन्हा डब्यात आपटत होती. सासूबाईंना शब्द कळले नाहीत, पण हात दिसले. त्या आत निघून गेल्या.

माफी मागणं हा प्रकार माझ्या सासूला माहीत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांदणं केली. तांदळाचा रवा, नारळाचं दूध, गूळ, सगळं घरात असेल नसेल ते घालून, आणि ताटली झाकून माझ्या हाती समोर पाठवली. खालाने घेतली. संध्याकाळी ताटली परत आली, घासूनपुसून स्वच्छ आणि रिकामी.

त्या अंगणात ताटली रिकामी परत जात नसे. चार खजूर, एक लिंबू, निदान मिठाची पुडी, काहीतरी असायचंच. आमच्याकडे आणि त्यांच्याकडे रीत एकच. सासूबाईंनी ताटली उलटी करून पाहिली, जणू खाली काही चिकटलं असेल, आणि मांडणीवर ठेवली. त्या रात्री त्या नीट जेवल्या नाहीत.

सकाळी उठून त्यांनी पदर खोचला आणि न बोलावता समोरच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मला हाक मारली.

“तिला म्हणावं, डबे बाहेर काढ. आणि तू बोल, मी करते. म्हणावं, या खेपेला तू सांगशील तेच.”

मी हे जसंच्या तसं सांगितलं. खालाने त्यांना एकदा डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, “यल्ला,” म्हणजे चल.

दोघी अंगणाच्या मधोमध बसल्या. दुसऱ्या डब्यातलं रोप काढलं तर मुळं अर्धी काळी पडलेली. काळं तेवढं कापायला हवं यावर दोघींचं एकमत झालं, किती कापायचं यावर नाही. कापलेल्या जागी चुलीतली राख लावायची हे सासूबाईंनी सुचवलं. गावी कलमाच्या जखमेला त्या तेच करत. खालाने विचार करून होकार दिला. ते रोप सावलीत गोणपाटावर पडून राहिलं, पेशंटासारखं. तिसऱ्याची मुळं बरी होती. त्याची माती झाडून टाकली. खाडीजवळ एक जुनं घर पाडत होते, तिथून समुद्री दगडाचा चुरा मी पिशवीत भरून आणला, आणि रोप त्यात लावलं. निम्म्याहून जास्त दगड आणि माती नावाला.

“आता?” सासूबाईंनी विचारलं.

“आता काही नाही,” खाला म्हणाली.

हे ‘काही नाही’ सासूबाईंना फार जड गेलं. आयुष्यात त्यांनी झाडासाठी सगळं केलं होतं, काही न करणं कधी केलं नव्हतं. दुपारी सगळे पडले की त्या तांब्या घेऊन सहज निघाल्यासारख्या अंगणात जात. समोरच्या अंधाऱ्या दारातून आवाज येई, “हाज्जा!” की तांब्यातलं पाणी कढीपत्त्याच्या झाडाला. तो कढीपत्ता त्या वर्षी असा फोफावला की आम्ही गल्लीभर वाटला.

राखेतलं रोप काही जगलं नाही. ते सुकत सुकत काडी झालं आणि खालाने एका सकाळी फेकून दिलं. तिसऱ्यानेही सगळी पानं टाकली. नुसता बोटभर जाड खुंट दगडांत उभा. तो जिवंत आहे की मेला हे दोघींपैकी कुणालाच सांगता येत नव्हतं आणि त्या रोज त्याच्यापुढे बसून त्यावर वाद घालत. एक गोष्ट मात्र बदलली होती. खालाला ‘तहान’ कळायला लागलं होतं आणि सासूबाई ‘सबर’ म्हणायला लागल्या होत्या, फक्त म्हणायच्या, करायच्या नाहीत.

एकदा सासूबाईंनी नखाने बुंध्याची साल किंचित खरवडली. खालाने त्यांचा हात धरला, मग स्वतःच वाकून बघितलं. सालीखाली हिरवं होतं. ओलं, ताजं हिरवं. आणि वास आला. मेणबत्ती, लिंबू आणि मशिदीची गार फरशी यांच्या मधला कुठलातरी. दोघींनी आळीपाळीने हुंगलं. त्या दिवशी समोरून एक ताटली आली, खजूर आणि वर तुपाचा गोळा. ती ताटली परत गेली तेव्हा रिकामी नव्हती हे सांगायला नकोच.

होडी निघायच्या सुमाराला खुंटाच्या टोकाला दोन पानं फुटली होती. खालाचा नवराच त्या होडीवर होता. खाऱ्या वाऱ्याने ती पानं जळतील म्हणून सासूबाईंनी खजुराच्या झापांची टोपली विणली, डब्यावर उलटी बसेल अशी, वाऱ्याकडून बंद आणि आडोशाकडून उघडी. माझा नवरा म्हणाला, “नवं इंजिनसुद्धा एवढं जपून नेत नाहीत.” आम्ही सगळे खाडीवर पोचवायला गेलो. माझी मोठी मुलगी कडेवर, एका हातात टोपली.

“भावाला सांग, गडगा घालायचा,” सासूबाईंनी खलाशाला बजावलं. “दगडावर दगड, कमरेएवढा. वर काटे.” मी भाषांतर केलं.

“माझ्या भावाला दगड रचायला शिकवते!” खाला म्हणाली.

“आणि हेही सांग, मासे नकोत.”

त्यातलं शेवटचं सासूबाई स्वतः बोलल्या, अरबीत. ‘मासे’ आणि ‘नको’, दोनच शब्द. खालाने तोंडावर ओढणी धरली आणि तिचे खांदे हलायला लागले. होडीवरची माणसं बघत राहिली.

समुद्र बंद झाला. त्या उन्हाळ्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. घाम, पोरीला गोवर, वर्कशॉपात नवीन मालक. खाला वाऱ्याचा अंदाज घेत असायची. इथे पान हललं की तिला तिथे वादळ दिसायचं. “आज तिकडे जोरात असेल,” म्हणायची. सासूबाई म्हणायच्या, “असू दे. गडगा आहे.”

हल्ली कुणी कुणी शिकलेली माणसं त्या बेटावर जाऊन येतात. परवाच एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं की तिथल्या लोबानाच्या काही जाती अगदी संपायच्या बेतात आहेत. शेळ्या, दुष्काळ, मोठमोठी वादळं, आणि नवीन झाडं उगवून वर येत नाहीत हे मुख्य कारण. त्यांना वाटलं मला नवीन काही कळलं. मी चहा करायला उठले.

समुद्र उघडल्यावर पहिल्या होडीने खालाचा नवरा परत आला. अंगणात सामान टेकायच्या आधी दोघी त्याच्यापुढे उभ्या. तो म्हणाला, म्हातारं झाड गेलं. एका रात्रीच्या वाऱ्यात मुळासकट. खालाने डोळे मिटले. कधीतरी हे ऐकावं लागणार हे तिला माहीत होतं, तरी प्रत्यक्ष ऐकताना वेगळंच वाटत असावं.

“आणि रोप?” सासूबाईंनी मला ढोसलं. “रोपाचं विचार.”

रोप भावाने त्याच उतारावर लावलं होतं. दगडांचं कडं केलं होतं, चांगलं उंच. तरी एका शेळीने दगड पाडून तोंड घातलं आणि शेंडा खाल्ला.

“काटे घातले नसणार,” सासूबाई म्हणाल्या. “सांगितलं होतं.”

पण खालून पुन्हा फुटलं, खलाशी म्हणाला. तेव्हा भावाने विचार केला की इथे काही खरं नाही. त्याने ते उपटून खाली आणलं आणि घरामागच्या खजुराच्या वाडीत लावलं. त्या वाडीला पक्की भिंत आहे, दाराला आगळ आहे, शेळी जात नाही. आता त्याला सहा-सात पानं आहेत. त्याची बायको बघते.

मला वाटलं खाला आनंदेल. ती उंबऱ्यावर बसली.

“मग ते डोंगरावरचं राहिलं नाही,” ती म्हणाली. “डोंगरावर आता काहीच नाही. हे घरचं झालं, कोंबडीसारखं.”

सासूबाईंना मी सांगितलं. त्या तिच्या शेजारी गुडघे धरून हळूहळू खाली बसल्या.

“जगलं ना?”

“जगलं.”

“पुढे बी धरेल?”

“धरेल. बी हलकं असतं. वारा आला तर भिंतीवरून उतारावर जाईल.” खाला हाताने वारा दाखवत होती. “आणि तिथे रुजेल, आणि शेळ्या खातील. पुन्हा तेच.”

“सगळ्या शेळ्यांना सगळं सापडतं होय गो?”

खालाने यावर विचार केला. “सगळं नाही,” ती म्हणाली. “कपारीतलं राहतं कधी कधी.”

“बी धरायला किती वर्षं लागतील?”

“तू नसशील, हाज्जा. मीही नसेन.”

“बरं,” सासूबाई म्हणाल्या. “मग घाई नाही.”